अंगठा ते पिन : ओळखीचा प्रवास

माझ्या लहानपणी अब्बा मुंबईला कापड गिरणीत साचेखात्यात होते आणि आम्ही गावाकडे. महिन्याच्या पंधरा तारखेच्या पुढे आमच्याकडे पोस्टमनची वाट बघितली जायची. तो यायचा, ओट्यावर टेकायचा, पाणी प्यायचा आणि खाकी पिशवीतून मनीऑर्डरचा फॉर्म काढायचा. दादीला लिहिता येत नव्हते. ती डाव्या हाताचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून फॉर्मवर उमटवायची. शेजारचे गुरुजी साक्षीदार म्हणून सही करायचे. मग पोस्टमन नोटा मोजून द्यायचा आणि फॉर्मच्या तळाचा तुकडा फाडून माझ्या हातात ठेवायचा. त्यावर अब्बांनी लिहिलेल्या दोन ओळी असायच्या. त्या मी मोठ्याने वाचायच्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत मनीऑर्डर थांबली. पोस्टमन मात्र थांबला नाही. दारावरून जाताना तो दादीकडे बघून नुसती मान हलवायचा. पैसे आले नाहीत, एवढे तिला कळायचे.

हे सगळे आज आठवण्याचे कारण माझी फुफी. वय पंचाहत्तरच्या पुढे. फुफा शाळेत शिपाई होते, त्यांची पेन्शन तिच्या खात्यात जमा होते. गेल्या वर्षी तिला एक फोन आला. बोलणारा अगदी अदबीने बोलत होता. ‘आजी, तुमच्या खात्याचे कागद जुने झालेत, पेन्शन अडेल,’ असे म्हणाला. आधी कार्डावरचे आकडे विचारले, मग फोनवर आलेला सहा आकडी नंबर विचारला. फुफीने सांगितला. अडतीस हजार रुपये गेले. त्या नंबराबरोबर आलेल्या संदेशातच ‘हा नंबर कुणालाही सांगू नका’ असे लिहिलेले होते. पण ते इंग्रजीत होते.

दादीचा अंगठा कधी कुणी फोनवरून नेला नव्हता. मग फुफीचा कसा नेला? याचे उत्तर शोधायचे तर पैशाच्या प्रवासाचा इतिहास थोडा चाळावा लागेल.

पैसा न हलवता पैसे पाठवणे ही युक्ती काही संगणकाने आणलेली नाही. आपल्याकडे हुंडी होती. पुण्यातल्या पेढीवर रक्कम भरायची, चिठ्ठी घ्यायची आणि दूरच्या शहरातल्या दुसऱ्या पेढीवर ती दाखवून पैसे घ्यायचे. वाटेत चोर भेटला तरी त्याच्या हाती कागद लागणार. पेशवाईत मोहिमांचा पैसासुद्धा असा हुंड्यांवरून फिरत असे. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी मिळत ती मुदती. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, परपैठ. म्हणजे कागद गहाळ होणार हे गृहीत धरूनच सगळी व्यवस्था उभी होती.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. चिठ्ठी घेऊन आलेला माणूस खरा कशावरून? त्यासाठी हुंडीचे प्रकार होते. नाव लिहिलेल्या माणसालाच पैसे द्यायचे ती नामजोग. जो बाळगून आला त्याला द्यायचे ती धनीजोग. आणि ओळखीच्या, पत असलेल्या व्यापाऱ्यामार्फतच पैसे द्यायचे ती शहाजोग. पैसे भलत्याच्या हाती पडले तर त्या शहाला धरता यायचे. ‘शहाजोग’ म्हणजे भरवशाचा, प्रतिष्ठित. आज आपण एखाद्याला ‘शहाजोगपणा करू नकोस’ म्हणतो तेव्हा अर्थ नेमका उलटा झालेला असतो. नसलेली प्रतिष्ठा पांघरणे, तो शहाजोगपणा. फुफीला आलेला फोन असा शहाजोगपणाचाच होता. शब्दाने दोन्ही अर्थ आपल्यासाठी जपून ठेवले आहेत, लक्ष आपणच द्यायचे.

पुढे इंग्रजी अमलात १८८० साली टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि १८८१ साली चेकसारख्या कागदांच्या व्यवहारासाठी कायदा आला. हुंडी वटायची, तसा चेकही वटू लागला. मात्र पेढी, बँक हे प्रकरण बराच काळ मोठ्या लोकांचेच राहिले. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर बँकांच्या शाखा तालुक्याच्या गावी आणि खेड्यांत पोचू लागल्या. तिथली पद्धत अनेकांना आठवत असेल. पैसे काढायची स्लिप भरायची, पासबुक द्यायचे, पितळी टोकन घेऊन बाकावर बसायचे. आत कारकून जाडजूड लेजर उघडायचा, साहेब नमुन्याची सही आणि स्लिपवरची सही ताडून बघायचा. सही जरा वाकडी झाली की परत बोलावणे. आपल्याला राग यायचा. पण त्या वाकड्या सहीची काळजी बँक करत होती, हे आज जाणवते.

या ताडून बघण्याच्या कामाला यंत्र लावायची सुरुवात लंडनमध्ये झाली. २७ जून १९६७ रोजी तिथल्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेने पैसे देणारे यंत्र बसवले. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ सालचा, तोही आपल्या शिलाँगचा. त्या यंत्राला प्लास्टिकचे कार्ड नव्हते. खास शाईने खूण केलेला चेकसारखा कागद त्यात सरकवायचा आणि गुप्त आकडा दाबायचा. हा आकडा सहा अंकी ठेवायचा त्यांचा विचार होता. पण पत्नी म्हणाली, माझ्या चारच लक्षात राहतात. म्हणून चार ठेवले, अशी आठवण ते सांगत. इतिहासात प्रथमच सहीची जागा लक्षात ठेवलेल्या आकड्याने घेतली. यंत्र चेहरा बघत नाही, हात थरथरतोय का ते बघत नाही. आकडा बरोबर असला की त्याच्या लेखी माणूस बरोबर.

भारतात असे यंत्र १९८७ साली मुंबईत आले. त्याच दशकात रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने बँकांत संगणक आणण्याची दिशा ठरवली. नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांचा विरोध होता, त्यामुळे यंत्रे हळूहळू आली. लेजर संगणकात गेले. मग शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि आपण एका शाखेचे न राहता बँकेचे खातेदार झालो. २००४ पासून एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चालवणारे राष्ट्रीय जाळे उभे राहिले.

पुढची नावे आपण रोज ऐकतो, पण त्यांतला फरक अनेकांना ठाऊक नसतो. २००४ साली आरटीजीएस आले. ते मोठ्या रकमांसाठी, किमान दोन लाख रुपयांसाठी. यात प्रत्येक व्यवहार सुटा आणि लगेच पुरा होतो. २००५ साली एनईएफटी आले. त्यात व्यवहारांचे गठ्ठे करून दर अर्ध्या तासाने बँकांचा आपसांतला हिशेब मिटवला जातो. आधी ही सेवा बँकेच्या वेळेतच चाले, डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस झाली. २०१० साली आयएमपीएस आले, त्याने सुट्टीच्या दिवशी आणि मध्यरात्रीही पैसे तत्काळ जाऊ लागले. आणि ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयची घोषणा झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि चहाच्या टपरीपर्यंत ते पोचायला फार वेळ लागला नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकांना वाटते, पैसे फोनमध्ये असतात. तसे नाही. पैसे खात्यातच असतात. फोन म्हणजे बँकेला हुकूम पाठवण्याचे साधन. चौकोनी ठिपक्यांचे चित्र टिपले की फोनला दुकानदाराचा पत्ता कळतो. आपण पिन टाकला की हुकूम आपल्या बँकेकडे जातो, ती रक्कम वजा करते, दुकानदाराची बँक जमा करते. मध्ये राष्ट्रीय यंत्रणा दोघींचा निरोप्या म्हणून काम करते. हुंडीच्या दोन पेढ्या आणि त्यांच्यामधला कासीद, असेच समजा ना.

म्हणजे पिन हा आपला अंगठा आहे. अंगठा उमटवायचा तो आपले पैसे द्यायला. आपल्या खात्यात यूपीआयने पैसे यायचे असतील तर पिन लागतच नाही. ‘पैसे पाठवतोय, घ्यायला पिन टाका’ असे कुणी म्हणाले की तो घ्यायलाच आला आहे असे ओळखावे. सहा आकडी ओटीपीचेही तसेच. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहारांना कार्डावर छापलेल्या आकड्यांपलीकडची आणखी एक खूण सक्तीची केली, ती आपल्या संरक्षणासाठी. हुंडीच्या काळी ओळख पटवायचे काम पेढीचे होते, मनीऑर्डरला पोस्टमनचे, लेजरच्या काळी साहेबाचे. आज त्यातले मोठे काम आपल्यावर आले आहे. आणि ते आपल्याकडे सोपवले जात असताना फुफीसारख्यांना कुणी समजावून सांगितलेले नाही.

फुफीने घडलेला प्रकार घरात कुणालाच सांगितला नाही. नऊ दिवस ती गप्प होती. मुले रागावतील, लोक हसतील, ही लाज. नवव्या दिवशी जेवताना रडू फुटले तेव्हा आम्हाला कळले. मी तिला घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरचा तरुण सभ्यपणे म्हणाला, ‘नंबर तुम्हीच दिलात ना आजी?’ फुफीने मान खाली घातली.

नियम काय सांगतो? ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ही जबाबदारी वाटून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला भुर्दंड नाही, चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित. पण ग्राहकाने स्वतः गुप्त आकडा दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतरही पैसे गेले तर ते बँकेचे. म्हणजे कुठल्याही बाजूने बघा, लवकर सांगण्याला मोल आहे. चोराकडे गेलेला पैसाही एका उडीत नाहीसा होत नाही, तो खात्यांमागून खाती फिरत जातो. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर वाटेत तो अडवता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांनी फुफीसाठी ती वाट जवळजवळ बंद झाली होती. पैसे परत आले नाहीत.

त्या नऊ दिवसांत माझाही वाटा आहे. फुफीच्या फोनमध्ये ते ॲप मीच घातले होते. पैसे कसे पाठवायचे ते शिकवले, कुठे थांबायचे ते शिकवले नाही. मागे एकदा तिच्याकडून चुकीचे बटण दाबले गेले तेव्हा मी ओरडलोही होतो. ती मला का सांगेल? मंडळी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन शिकवताना एक गोष्ट आधी सांगा, की चुकले तर लगेच सांग, मी रागावणार नाही. आणि मग खरोखरच रागावू नका.

गेल्या महिन्यात मी फुफीला पुन्हा सगळे समजावत होतो. पिन, ओटीपी, केवायसी हे शब्द तिच्या डोक्यावरून जात होते. शेवटी दादीच्या मनीऑर्डरची गोष्ट काढली. ती फुफीनेही पाहिलेली. म्हटले, ‘फुफी, फोनवर येणारा नंबर म्हणजे अंगठा.’ ती क्षणभर थांबली. म्हणाली, ‘अंगूठा कोई फोन पे देता क्या रे?’

तिला समजले होते. परवा तिचा फोन आला. कुणीतरी पुन्हा कागद जुने झाल्याचे सांगत होता. तिने त्याला विचारले, ‘तू पोस्टमन आहेस का? असशील तर ओट्यावर ये, पाणी पी, मग बोलू.’ त्याने फोन ठेवून दिला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)