१३१ खरे की ११९?

मागच्या महिन्यात तुमची फास्टिंग शुगर १३१ आली, एचबीएवनसी ६.६ आले आणि डॉक्टरांनी डायबेटिसचे निदान केले. दोन रात्री नीट झोप लागली नाही. मग कोणीतरी सुचवले म्हणून तुम्ही दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले. तिथे फास्टिंग ११९! आता मनात एकच प्रश्न: पहिला रिपोर्ट चुकला होता का? हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नेहमी कोणी ना कोणी येते. काहींनी तर तोवर गोळ्याही बंद केलेल्या असतात. अशा वेळी मी आधी या आकड्यांचा इतिहास सांगतो.

पूर्वी हा आजार चवीवर ओळखला जाई. आपल्या आयुर्वेदात 'मधुमेह' हे नाव आहे आणि लघवीकडे मुंग्या धावतात हे निरीक्षणही आहे. १७७६ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलचे डॉ. मॅथ्यू डॉब्सन यांनी एका रुग्णाची लघवी आटवली, तेव्हा तळाशी साखरेसारखा पदार्थ उरला. रुग्णाच्या रक्तातला द्रवही त्यांना गोड लागला. (त्या काळच्या डॉक्टरांची जीभही उपकरणच होती!) विसाव्या शतकात बेनेडिक्टची टेस्ट आली. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचे आणि रंग बघायचा: हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी. घरात जुने डायबेटिक आजोबा असतील तर त्यांची परीक्षानळी तुम्ही पाहिली असेल. पण लघवीत साखर उतरते ती साधारणपणे रक्तातली शुगर १८० च्या वर गेल्यावर. १३१ वाल्या माणसाला त्या नळीत निळाच रंग दिसला असता आणि तो निर्धास्त घरी गेला असता.

रक्त तपासणे सोपे झाल्यावर नवा पेच आला. शुगर सगळ्यांच्याच रक्तात असते, मग आजार कुठून सुरू झाला म्हणायचे? १९७९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने फास्टिंगसाठी १४० ही रेष ठरवली. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या समितीने ती १२६ वर आणली. म्हणजे १३० शुगर असलेला माणूस काल डायबेटिक नव्हता, आज झाला. शरीर मात्र तेच! ही मनमानी नव्हती. ॲरिझोनातील पिमा लोक, इजिप्तमधील लोक आणि अमेरिकेतील सर्वसाधारण लोक यांच्या डोळ्यांचे पडदे तपासले होते. कोणत्या शुगरपासून पडद्यावर डायबेटिसच्या खुणा वाढू लागतात हे त्यांत पाहिले होते. तरीही १२५ आणि १२७ यांच्यामध्ये भिंत नाही. निर्णय घ्यायला कुठेतरी रेष लागते, म्हणून ती आहे.

एचबीएवनसीची कथा मला फार आवडते. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर रुग्णांच्या रक्तात विकृत हिमोग्लोबिन शोधत होते. डायबेटिसच्या रुग्णांत त्यांना एक वेगळाच पट्टा दिसला. तो साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचा होता. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून या टेस्टमधून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. २०१० पासून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने निदानासाठी ६.५ ही रेष मान्य केली. गंमत अशी, की विकृत हिमोग्लोबिन शोधताना सापडलेली ही टेस्ट त्याच हिमोग्लोबिनमुळे फसू शकते. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल असलेली कुटुंबे आहेत. त्यांच्यात हा आकडा दिशाभूल करू शकतो. उलट लोह कमी असलेल्या ॲनिमियात एचबीएवनसी खोटे वाढलेले दिसते, आणि आपल्याकडच्या किती बायकांना ॲनिमिया असतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून मी सोबत हिमोग्लोबिनही बघतो.

आता तुमचे ११९. फास्टिंग शुगर एकाच माणसात रोज थोडी बदलतेच. झोप कमी झाली, ताप होता, रात्रीचे जेवण उशिरा झाले, तरी फरक पडतो. शिवाय रक्त काढल्यावरही पेशी साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये तासाला ५ ते ७ टक्के शुगर कमी होऊ शकते. घरून नमुना नेला आणि लॅबमध्ये पोहोचायला दोन तास लागले, तर १३१ चे ११९ सहज होईल. फ्लोराइडच्या ट्यूबमध्येही ही घट पहिला तास-दोन तास पूर्ण थांबत नाही.

याच कारणामुळे लक्षणे नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत. दोन टेस्ट रेषेच्या वर लागतात. दोघींत एकमत नसेल तर जी वर आली तीच पुन्हा करतात. तुमच्या १३१ आणि ६.६ यांचे एकमत होते. ॲनिमिया किंवा सिकलसेल नसेल, तर नंतरच्या एका ११९ ने ते निदान पुसले जात नाही. गोळ्या चालू केल्यानंतरचे ११९ असेल, तर ते औषधाचेही यश असू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी येताना दोन्ही रिपोर्ट आणा, नावडता फाडून टाकू नका. रक्त किती वाजता काढले, आधी किती तास उपाशी होतात आणि नमुना घरून नेला का, एवढे मागे पेनाने लिहून ठेवा. आणि गोळ्या बंद केल्या असतील तर तसे सांगा. मी रागावणार नाही.