रजिस्टर कोणाच्या ताब्यात?

पोलिसांच्या रजिस्टरमध्ये नाव यायला गुन्हा करावाच लागतो, असं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांवर आज जी पोरं मोबाईल वापरतात, त्यांच्या समाजाला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जमात 'गुन्हेगार' जाहीर झाली, की तिच्यातल्या माणसांची नावं रजिस्टरमध्ये चढत. ते जिल्हा पोलीसप्रमुखाच्या ताब्यात राही. एखाद्या नोंदीविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येई. पण जमातीवरच्या शिक्क्याला कोर्टातही आव्हान देता येत नसे. पुढे हा शिक्का पारध्यांवरही बसला. १९११च्या कायद्याने बोटांचे ठसे घ्यायची मुभा दिली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण संशय गेला नाही. २००९मध्ये देशभरातली पोलीस ठाणी संगणकाने जोडणारी 'सीसीटीएनएस' योजना मंजूर झाली. आता एका ठाण्यातली नोंद दूरच्या ठाण्यातही दिसू शकते.

मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो लोकांसमोर मांडायचा नाही. ऑक्टोबरमध्ये तुरुंगांच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं.

कुलूप लागलं, तरी किल्ली कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. माझ्याबद्दल काय लिहिलंय? ते कोणी पाहिलं? चुकीचं असेल तर खोडायचं कसं? बेड्यावरच्या पोराला ही उत्तरं मिळतील, तेव्हाच तो कायदा खऱ्या अर्थाने रद्द होईल.