मिल स्केल

मिल स्केल म्हणजे तप्त पोलाद लाटताना त्याच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनमुळे तयार होणारा लोहाच्या ऑक्साइडांचा निळसर काळा, कठीण पापुद्रा होय. दुकानातून आणलेल्या कच्च्या अँगल, चॅनल, पट्टी व जाड पत्र्यावर तो मुळातच असतो. रंग किंवा अन्य लेप देण्यापूर्वी तो काढून टाकावा लागतो.

निर्मिती व रचना

लाटण्यासाठी पोलाद १,१०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापवितात. या तापमानाला पृष्ठभागावर तीन थर बनतात : पोलादाला लागून वुस्टाइट, मध्ये मॅग्नेटाइट आणि सर्वांत बाहेर हेमॅटाइट. पापुद्र्याची जाडी बहुधा मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. थंड अवस्थेत लाटलेल्या पत्र्यावर तो आढळत नाही, कारण लाटण्यापूर्वीच कारखान्यात पत्रा आम्लाने धुतलेला असतो.

गंजाशी संबंध

अखंड काळा पापुद्रा पाहून लोखंड सुरक्षित आहे असे वाटते; हाच त्याचा धोका आहे. त्यावर दिलेला रंग पोलादाला चिकटत नाही, पापुद्र्याला चिकटतो. पापुद्रा ठिसूळ असल्याने वाकविणे, वेल्डिंग आणि तापमानातील चढउतार यांमुळे त्याला भेगा पडतात. भेगेत ओल शिरली की विद्युत-रासायनिक घट तयार होतो. त्यात पापुद्रा कॅथोड व उघडे पडलेले पोलाद ॲनोड ठरते. कॅथोडचे क्षेत्र मोठे आणि ॲनोडचे अगदी लहान असल्याने झीज त्या भेगेतच एकवटते, खोल खड्डे पडतात आणि रंगासकट पापुद्रा सुटतो.

अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. अशा बागायती गावांत मळ्याची फाटके, टाक्यांचे स्टँड व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कच्च्या लोखंडापासून बनतात. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात रंगविलेले फाटक पावसाळा येईपर्यंत उत्तम दिसते. नंतर पोपडे धरले की दोष रंगाला दिला जातो. पुष्कळदा तो रंगाखालच्या पापुद्र्याचा असतो.

काढण्याच्या पद्धती

तारेचा ब्रश व पॉलिश पेपर यांनी सैल पापुद्रा निघतो. घट्ट बसलेला केवळ चकाकतो. पृष्ठभागाच्या स्वच्छतेविषयीच्या आयएसओ ८५०१-१ या मानकात अखंड मिल स्केल असलेल्या पोलादाला ‘ए’ श्रेणी दिली आहे, आणि या श्रेणीसाठी हातांच्या अवजारांनी केलेल्या सफाईचा नमुनाच त्यात दिलेला नाही. ग्राइंडरवरील फ्लॅप डिस्कने लहान काम होते, पण कोपरे राहून जातात.

मोठ्या कामासाठी पोलादी किंवा तांब्याच्या धातुमळीच्या कणांचा जोरदार मारा करतात. ‘एसए २½’ ही त्याची नेहमीची पातळी होय. साध्या वाळूचा मारा स्वस्त असला तरी तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो, म्हणून ती पद्धत टाळलीच पाहिजे.

आम्लाने धुण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल साध्या तापमानाला, तर सल्फ्युरिक आम्ल तापवून वापरतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. काम उघड्यावर करावे. हातमोजे व चष्मा आवश्यक आहेत. नंतर भरपूर पाण्याने धुऊन व सोड्याच्या द्रावणाने उदासीन करून लोखंड तत्काळ सुकवावे. सांध्यांत आम्ल राहिल्यास तेथूनच पुन्हा गंज सुरू होतो.

लोखंड पावसाळाभर उघड्यावर टाकून पापुद्रा झडू देण्याची जुनी रीतही आहे. तिने पापुद्रा सुटतो, पण मागे गंज व खड्डे राहतात.

मोरचुदाची परीक्षा

बोर्डो मिश्रणासाठी संत्रा बागायतदाराच्या घरी मोरचूद असतेच. त्याचे पातळ द्रावण स्वच्छ केलेल्या जागी लावल्यास उघड्या पोलादावर तांब्याचा लालसर थर बसतो. पापुद्रा शिल्लक असेल ती जागा काळीच राहते. (बोर्डो मिश्रणात स्वच्छ विळा बुडवून आम्लता पाहतात, त्यामागे हीच क्रिया आहे.) परीक्षा लहानशा जागेवरच करावी आणि बसलेले तांबे घासून पूर्ण काढावे, कारण ते राहिल्यास पोलाद अधिक वेगाने गंजते. त्यानंतर पृष्ठभाग तेल व घामाच्या हातांपासून जपून, शक्यतो काही तासांतच, गंजरोधक प्राइमरचा पहिला हात द्यावा.