वालचंदशेठांनी भागीदार कसे निवडले



मुलीसाठी स्थळ आलं की आपल्याकडे चार गावांत चौकशी होते. घराणं कसं, मुलाचा स्वभाव कसा, देणं-घेणं किती, सगळं विचारलं जातं. पण धंद्यात भागी करायची वेळ आली की "आपलाच माणूस आहे" एवढ्यावर सगळं ठरतं. आता आपण बायकाही पापड-मसाले, साड्या, शिकवणीवर्ग असं काही ना काही सुरू करतो आणि तेही जावेबरोबर, नणंदेबरोबर किंवा मंदिरातल्या मैत्रिणीबरोबर. कागद करायचा म्हटलं की संकोच वाटतो. धंदा बसला तर पैसा पुन्हा मिळवता येतो. पण दोन घरांचं येणं-जाणं एकदा बंद झालं की मुलांच्या लग्नापर्यंत ते सुरू होत नाही.

म्हणून आज शेठ वालचंद हिराचंद यांच्याविषयी लिहिते. त्यांचे कारखाने आणि जहाजं सर्वांना माहीत आहेत. त्यांनी बरोबरीला कोणाला घेतलं, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

वालचंदशेठांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. दोशी घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, दिगंबर जैन. वडील शेठ हिराचंद नेमचंद म्हणजे 'जैन बोधक' सुरू करणारे समाजसुधारक. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. वालचंद मुंबईत आणि पुण्यात कॉलेजात शिकले, मग पेढीवर बसले, पण त्यांचं मन तिथे रमलं नाही. त्यांना काहीतरी उभारायचं होतं.

त्यांनी पहिला भागीदार निवडला तो लक्ष्मणराव बळवंत फाटक. फाटक ना नात्यातले, ना समाजातले. पूर्वी रेल्वेत कारकून होते. म्हणजे रेल्वेचं काम कसं निघतं, कसं मोजलं जातं आणि बिल कसं मंजूर होतं, हे त्यांनी आतून पाहिलेलं. वालचंदशेठांच्या पाठीशी घरची पेढी होती, म्हणजे पत होती आणि भांडवल उभं करण्याची ताकद होती. एकाकडे जे होतं ते दुसऱ्याकडे नव्हतं. दोघांनी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळाच्या मार्गाचं काम घेतलं आणि तिथून ठेकेदारी वाढत गेली. कंपनीचं नाव पाहा: 'फाटक-वालचंद'. पेढी एकाच्या घरची, पण पाटीवर पहिलं नाव दुसऱ्याचं. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर कोणाचं नाव आधी, यावरून भाऊ-भाऊ वेगळे झालेले आपण पाहिले आहेत.

दुसरा प्रसंग १९१९ चा. पहिल्या महायुद्धात रुग्णांची ने-आण करणारं 'लॉयल्टी' हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून विकत घ्यायचं ठरलं. जहाज घेणं एकट्याच्या आवाक्यातलं काम नव्हतं. इंग्रजी कंपन्या समुद्रावर दुसऱ्या कोणाला टिकू देत नसत. वालचंदशेठांनी बरोबर घेतले ते नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास. मोरारजी गोकुळदासांचं घराणं गिरणीवालं, सोलापूरची जुनी गिरणीही त्यांच्याच व्यवस्थेतली, म्हणजे पारखलेलं घर. किलाचंद कापसाचे मोठे व्यापारी. लल्लूभाई सहकारी चळवळीतलं मानाचं नाव. सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

ते जहाज काही फायद्यात चाललं नाही. १९२३ मध्ये ते मोडीत निघालं. भाड्याच्या दरांची जीवघेणी चढाओढ होती. बलाढ्य इंग्रजी कंपनीने सिंदिया विकत घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा पैसा घेऊन मोकळं होणं सोपं होतं. भागीदारांनी विकली नाही. पुढे त्या कंपनीशी दहा वर्षांचा जाचक करार करावा लागला, तोही एकत्र राहून सोसला. १९२९ मध्ये नरोत्तमशेठ मोटार अपघातात गेले. ते पहिल्यापासून अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर वालचंदशेठ अध्यक्ष झाले, म्हणजे दहा वर्षं ते दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली काम करत होते. भागीदाराची खरी ओळख तोट्याच्या वर्षी होते, हे इथे दिसतं.

तिसरा प्रसंग वेगळा. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना उभा राहिला. त्यात म्हैसूर संस्थान भागीदार होतं. पुढे युद्धाच्या गरजेने हिंदुस्थान सरकारही आत आलं आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंदशेठांचा हिस्सा घेतला. कल्पना आणि धडपड यांची, कारखाना मात्र हातातून गेला. भागीदार आपल्यापेक्षा फार बलवान असेल तर शेवटी त्याचीच गरज चालते. आपल्या लहान धंद्यातही ज्याचा पैसा फार जास्त, त्याचा शब्द शेवटचा होतो. हे आधी ओळखून भागी करावी.

मग माणूस पारखायचा कसा? आपल्या धर्मात त्याची कसोटी तयार आहे. दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकतो. त्यात सत्याणुव्रत आणि अचौर्याणुव्रत यांचे अतिचार सांगितले आहेत. खोटे कागद करणं म्हणजे कूटलेखक्रिया. विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणं म्हणजे न्यासापहार. दुसऱ्याचं गुपित ओळखून ते फोडणं म्हणजे साकारमंत्रभेद. मापात कमी-जास्त करणं, मालात भेसळ करणं, हेही तिथेच आहे. हे अतिचार आपण स्वतःसाठी ऐकतो. भागीदार निवडतानाही हेच पाहावं. ती दुसऱ्यांची गुपितं आपल्याला सांगते का? ठेवलेले पैसे मागितल्याबरोबर परत देते का? गिऱ्हाईक लहान असलं तरी मापात काटेकोर असते का? देवपूजा आणि उपवास किती करते, यापेक्षा या गोष्टी जास्त बोलतात.

आणि कागद करावाच. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार धंद्याच्या कर्जाला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसह जबाबदार असतो. म्हणजे जाऊबाईंनी उधारीवर उचललेला माल तुमच्या दागिन्यांपर्यंत येऊ शकतो. भागीदारीची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर करारातले हक्क मागायला कोर्टात जाणं फार अवघड होतं. कोणी किती पैसे घातले, काम कोण करणार, नफा-तोटा कसा वाटायचा, हिशेब कोणत्या तारखेला बघायचा आणि एकीला बाहेर पडायचं असेल तर काय, हे पाच मुद्दे तरी लिहून दोघींच्या सह्या घ्याव्यात.

कागद मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. आपण देवाच्या भंडाराचाही हिशेब लिहून ठेवतो, आणि त्याने कोणाची श्रद्धा कमी होत नाही. या चातुर्मासात कोणी मैत्रिणीबरोबर काही सुरू करणार असेल, तर आधी तिच्याबरोबर बसून हे पाच मुद्दे लिहा. ती आनंदाने बसली, तर निम्मी पारख तिथेच झाली.