पळाल्याने गर्भपिशवी सरकते का? थोडा इतिहास

पोलिस भरतीसाठी म्हणा किंवा शाळेच्या स्पर्धेसाठी, आपल्या बीड जिल्ह्यात पहाटे पळणाऱ्या मुली आता दिसतात. त्यांच्या आया मला हमखास विचारतात, ‘डॉक्टर, एवढं पळून हिची गर्भपिशवी तर सरकणार नाही ना?’ नाही सरकत. पण या भीतीबद्दल मी तुम्हाला हसणार नाही. एकेकाळी आम्हा डॉक्टरांपैकीच काहीजण हे सांगत होते.

1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच 800 मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेने विश्वविक्रम केला. वर्तमानपत्रांनी मात्र रंगवून छापले ते दमून पडलेल्या बायकांचे. शर्यतीनंतर पुरुषही आडवे होतात, ते कुणाला खटकले नाही. स्त्रियांची ही शर्यत बंद झाली ती थेट 1960 पर्यंत. मॅरेथॉन मिळाली 1984 साली. पोहणे, सायकल, धावणे अशी ट्रायथलॉन 2000 मध्ये आली, तेव्हा मात्र पहिल्याच वर्षी स्त्री-पुरुषांना सारखेच अंतर होते. 3000 मीटर स्टीपलचेससाठी स्त्रिया 2008 पर्यंत थांबल्या.

स्टीपलचेस म्हणजे तीच अडथळ्यांची शर्यत, जिच्यामुळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुम्हाला ठाऊक झाला. त्याच्या आधी या शर्यतीत नाव काढले ते ललिता बाबरने. गाव मोही, तालुका माण, जिल्हा सातारा. पावसाच्या बाबतीत आपलेच भाऊबंद. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती 2015 साली सलग तिसऱ्यांदा पहिली आली. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत तिने स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत आठवा क्रमांक मिळवला. 2016 ला रिओमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याचे खड्डे पार करत तिने 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला व अंतिम फेरी गाठली. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली भारतीय महिला त्याआधी पी. टी. उषा, 1984 साली.

मग पळणाऱ्या मुलीची काळजी करायचीच नाही का? करा, पण योग्य ठिकाणी. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशी मुलगी लवकर धापा टाकते आणि घरचे म्हणतात, ‘हिला झेपत नाही.’ आधी हिमोग्लोबिन तपासा. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी पोटभर द्या. जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह नीट शोषले जात नाही. पाळी चालू असताना, त्रास नसेल तर, पळायला हरकत नाही. मात्र सराव वाढल्यावर सलग तीन महिने पाळी आली नाही, तर ‘पळते म्हणून असेल’ असे समजून सोडू नका. बहुतेकदा खाणे कमी पडत असते, आणि त्यात हाडे ठिसूळ होतात. तिला घेऊन या.