आर.एस.पी.ची शिट्टी

स्मरणिका समितीने मला विषय दिला तो असा: शाळेतली आर.एस.पी., समाजसेवेचे तास आणि मे महिन्यातली शिबिरं. "तू आर.एस.पी.त होतीस, तूच लिही," असं ग्रुपवर परस्पर ठरलं. आठवणी काढायला बसले तेव्हा लक्षात आलं, की दोन वर्षं आपण ती शिट्टी गळ्यात घालून फिरलो, पण ती आपल्यापर्यंत आली कुठून हे आपल्याला माहीतच नव्हतं. म्हणून हा लेख आठवणींचा कमी आणि इतिहासाचा जास्त झाला आहे. इतिहासाच्या बाईंनी वाचताना सनावळ्या तपासाव्यात, मार्क कापले तरी चालतील.

रूळ आधी, रस्ता नंतर

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. कल्याणपर्यंत रूळ आले ते पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी. कल्याण ते वाशिंद हा टप्पा १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाला. म्हणजे आंबिवलीच्या शिवारातून आगगाडी धावू लागली तेव्हा १८५७चा उठाव अजून दोन वर्षं लांब होता. आपल्याकडे डांबरी रस्ता, वीज, नळ, शाळा या सगळ्याच्या आधी रूळ आले. गावं रुळांच्या दोन्ही बाजूंना होती आणि तशीच वाढत गेली. इकडे मोहने, तिकडे अटाळी-वडवली. शेत एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असलेल्या माणसाला रूळ ओलांडणं हे उंबरा ओलांडण्याइतकंच रोजचं होतं.

रस्त्याची वर्दळ वाढली ती कारखान्यांमुळे. मोहन्याला एन.आर.सी., शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन. आपल्यातल्या निम्म्या जणांचे वडील या नाहीतर त्या कारखान्यात होते. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा, मध्येच मालट्रक, त्यात शेअर रिक्षा, आणि याच वेळेला आपली सकाळची शाळा सुटून दुपारची भरायची. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली, आपण कागदोपत्री शहरात आलो. शाळेसमोरच्या रस्त्यावर पांढरे पट्टे मात्र आपण दहावी होईपर्यंत मी पाहिले नाहीत. जे काही होतं ते आपले पी.टी.चे सर आणि आपली तुकडी.

शिकागोची मुलं, लंडनचे पट्टे

मुलांनी मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा ही कल्पना अमेरिकेतली. पहिल्या महायुद्धानंतर तिथे मोटारी झपाट्याने वाढल्या आणि शाळेत जाणारी मुलं त्यांच्याखाली सापडू लागली. १९२० साली शिकागो मोटर क्लबचे अध्यक्ष चार्ल्स हेज यांनी शाळांमधून अशी पथकं उभी करायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, १९२१मध्ये, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात सिस्टर कार्मेला या मुख्याध्यापिकेने आपल्या शाळेचं पथक रस्त्यावर उतरवलं. खांद्यावरून आडवा पट्टा ही या मुलांची खूण. कल्पना देशभर पसरली आणि अजून चालू आहे.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. १९५१ साली तिथे रस्त्यावर काळे-पांढरे झेब्रा पट्टे अधिकृतपणे आले, आणि १९५३च्या कायद्याने शाळेपाशी प्रौढ माणसाला गाडी थांबवण्याचा अधिकार मिळाला. हातात गोल पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या या बहुतेक बायका किंवा निवृत्त माणसं. त्यांनी पाटी आडवी धरली की गाडी थांबलीच पाहिजे, न थांबणं हा गुन्हा.

या दोन पद्धतींतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या मुलांच्या पथकाचा मूळ नियम असा, की मुलांनी गाड्या थांबवायच्या नाहीत, मुलांना थांबवायचं. रस्ता मोकळा झाला की सोडायचं. गाडी थांबवण्याचा अधिकार मोठ्या माणसाचा. आपल्या सरांनी हे कुठे वाचलं होतं की स्वतःच्या अकलेने काढलं होतं, देव जाणे, पण पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "ट्रकसमोर हात करून हिरोगिरी करायची नाही. तुमचा हात आपल्या पोरांच्या छातीसमोर पाहिजे."

आपल्याकडची आर.एस.पी.

आर.एस.पी. म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल. महाराष्ट्रात ती वाहतूक पोलीस आणि शाळा यांनी मिळून वाढवली. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ साली झाला. पुढे प्रथमोपचार, आग विझवणं, जखमीला उचलून नेणं हेही शिक्षण आर.एस.पी.ला जोडलं गेलं. आपल्या वेळी एन.सी.सी., एम.सी.सी., स्काउट-गाइड आणि आर.एस.पी. यांपैकी शाळेत जे असेल ते घ्यायचं आणि त्याची श्रेणी गुणपत्रिकेवर यायची. एन.सी.सी. १९४८ची, भारत स्काउट्स आणि गाइड्स १९५०ची. त्यांना स्वतःचं मोठं तंत्र होतं. आर.एस.पी. ही त्यामानाने साध्या शाळांची. ना बंदूक, ना तंबू. शिट्टी, पट्टा आणि एक चौक असला की झालं.

आपला अभ्यासक्रम आठवतोय का? वर्तुळात असेल ते चिन्ह हुकूम, त्रिकोणात असेल ते सावधान, चौकोनात असेल ती माहिती. "थांबा"ची पाटी अष्टकोनी, कारण ती मागून पाहिली, किंवा चिखलाने माखली, तरी आकारावरून ओळखता यावी. पुढे मी संगणकाच्या पडद्यावर कामं करणाऱ्या प्रणाली लिहू लागले, तेव्हा हीच गोष्ट वेगळ्या नावाने शिकले: धोक्याची सूचना वाचावी लागू नये, दिसताक्षणी कळावी.

उजळणी मैदानात व्हायची, काम फाटकाबाहेर. सकाळच्या पाळीत चार जण, दुपारी चार जण. पावसाळ्यात शाळेच्या दप्तराबरोबर छत्री, आणि छत्रीमुळे पोरांना बाजूचं दिसायचं नाही, म्हणून जून-जुलैत आणखी दोन जण. अंगारकीला टिटवाळ्याला पायी जाणाऱ्यांची रीघ लागायची, तेव्हा सर आपल्याला रस्त्याच्या कडेला पाणी द्यायला उभं करायचे. समाजसेवेचे तास वहीत भरायचे ते असे.

मे महिन्यातली शिबिरं

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घराबाहेर काढून कामाला लावण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, त्यातून स्काउट चळवळ निघाली. आपल्याकडे १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली. साने गुरुजींसारखी माणसं तिथे मुलांमध्ये रमली, आणि गाणी, खेळ, श्रमदान असं शिबिराचं एक मराठी रूप तयार झालं. बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात भरते. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. इंजिनिअरिंगला असताना मी तिच्या शिबिरात एक बंधारा बांधायला गेले होते.

आपल्या शाळेचं शिबिर त्यामानाने घरगुती. दहा दिवस, सकाळी सात ते अकरा. लेझीम, चित्रकला, वारली, एक दिवस प्रथमोपचार, आणि शेवटच्या दिवशी पोहे. वारलीची चित्रं शिकवायला बाई बोलवायच्या ती आपल्याच तालुक्यातली माणसं असायची, हे विशेष. प्रथमोपचाराच्या दिवशी आपण एकमेकांचे हात त्रिकोणी पट्टीने बांधून घेऊन तसेच घरी जायचो आणि आयांची घाबरगुंडी उडवायचो.

पण एक गोष्ट शिबिरात नव्हती. आर.एस.पी. शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली होती. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की पट्टे कपाटात जायचे ते जूनमध्ये निघायचे. मुलं मात्र सुट्टीतच जास्त भटकायची, नदीवर, करवंदांना, क्रिकेटला, आणि रुळांच्या पलीकडे.

आपल्या वर्गातला एक जण दहावीची परीक्षा झाल्यावर, निकालाच्या आधी, रूळ ओलांडताना गेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याची आई अजून मोहन्यात आहे आणि ही स्मरणिका तिच्याही हातात पडेल. तो आर.एस.पी.त होता. चिन्हांच्या परीक्षेत त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. कसाऱ्याहून येणारी गाडी जाऊ दिली आणि तो निघाला. त्या गाडीच्या आडून दुसऱ्या रुळावरची गाडी आली.

आपल्याकडे दोन मार्गिका, आणि त्यांवरूनच लोकल, मेल आणि मालगाड्या धावतात. दोन मार्गिका चालत ओलांडायला साधारण आठ सेकंद लागतात. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी आठ सेकंदांत सव्वादोनशे मीटर येते. जाणाऱ्या गाडीच्या आवाजात येणाऱ्या गाडीचा आवाज बुडतो. हे गणित नववीच्या मुलाला सहज करता येतं, पण आपल्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. आर.एस.पी. रस्त्याची होती. आपल्या गावाला रस्त्याआधी रूळ आले होते, हे शिकवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

कायदा बदलला, शिट्टी मैदानात गेली

१९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच वर्षापासून देशात रस्ता सुरक्षा सप्ताह पाळला जाऊ लागला. २०२१ साली त्याचा महिना झाला. सप्ताहाने चित्रकला स्पर्धा आणल्या, घोषवाक्यं आणली, प्रभातफेरी आणली. त्यात वाईट काही नाही. पण त्याच काळात अनेक शाळांमधून आर.एस.पी. चौकातून उठली आणि मैदानात जाऊन बसली. आज ती २६ जानेवारीच्या संचलनात दिसते. पावलं एका वेळी पडतात, सलामी झकास होते. शाळेच्या फाटकाबाहेर मात्र पालकांच्या स्कूटर, रिक्षा आणि व्हॅन एकमेकांत अडकलेल्या असतात आणि पहिलीतलं पोर त्यांच्यामधून वाट काढत असतं. न्यायाने हेही सांगायला हवं, की मुलांना रहदारीत उभं करणं शाळांना आता धोक्याचं वाटतं, आणि ते चूक म्हणता येत नाही. आपल्या वेळेपेक्षा गाड्या कितीतरी वाढल्या आहेत.

आकडे पाहिले तर छाती दडपते. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हेल्मेट न घालता मेलेले ५०,०२९. मुंबई उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ साली अडीच हजारांहून अधिक मृत्यू झाले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा.

दोन बदल मात्र चांगले झाले आहेत. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम पक्के केले, आणि २०१९च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. आपल्या लहानपणी "हात लावू नकोस, लफड्यात पडशील" असं मोठी माणसं सांगायची, ते कारण आता उरलेलं नाही. दुसरं, २०१९च्याच दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. नववीतल्या चिरंजीवांच्या हाती बाइक देणाऱ्या वर्गमित्रांनी हे वाक्य दोनदा वाचावं. नावं मला माहीत आहेत.

आता काय करता येईल

एन.आर.सी. २००९ साली बंद पडली. पाळीचा भोंगा गेला, सायकलींचा लोंढा गेला, आणि आपल्यातले बरेच जण पुणे, ठाणे, परदेश असे पांगले. पण बारा-पंधरा जण अजून मोहने, अटाळी, टिटवाळा, शहाड इथेच आहेत. शिवाय निवृत्त झालेले आपले सर आणि बाई आहेत, ज्यांचा आवाज अजून रस्त्याच्या पलीकडे पोहोचतो.

माझा प्रस्ताव साधा आहे. मुलांना रहदारीत उभं करणं योग्य वाटत नसेल तर ब्रिटनसारखं मोठ्यांनी उभं राहावं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिले पंधरा दिवस, भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास, दोघं-दोघं. मुख्याध्यापकांची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी आधी घ्यायची. फाटकापुढचे पांढरे पट्टे आणि गतिरोधक यांसाठी महापालिकेला माजी विद्यार्थ्यांच्या सह्यांचं पत्र मेळाव्यातच तयार करायचं. मसुदा मी आणते. मे महिन्याच्या शिबिरात एक दिवस रुळांचा ठेवायचा: आठ सेकंदांचं गणित मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यायचं, पादचारी पुलावरून चालून दाखवायचं, आणि एक तास प्रथमोपचाराचा. त्रिकोणी पट्ट्यांचा खर्च माझ्याकडे.

पाळ्यांचा तक्ता मी तयार केला आहे. मेळाव्याच्या दिवशी तो नोंदणीच्या टेबलावर, पेनासकट ठेवलेला असेल. चहाला जाण्यापूर्वी आपलं नाव लिहावं. सोमवारच्या सकाळच्या पाळीत पहिलं नाव पी.टी.च्या सरांचं आहे, त्यांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "शिट्टी माझ्याकडे आहे."