उचल घरधन्याची, राबणूक पोरांची

महाड म्हटले की आपण पाण्यावर बोलतो. १९ व २० मार्च १९२७ च्या त्या परिषदेत ठरावही झाले होते. ते मात्र क्वचितच वाचले जातात. अस्पृश्यांना मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सरकारने द्यावे, ही त्यांतली एक मागणी. सक्तीचे कशासाठी? आईबाप आळशी होते म्हणून नव्हे. त्या पोरावर दुसऱ्याच कोणाची तरी सक्ती जन्मापासून चालत होती.

ती सक्ती वतनाची. महारकीत नाव एकाचे लागे, बांधले जाई सारे घर. सरकारी निरोप पोचवणे, अंमलदाराच्या तैनातीला उभे राहणे, मेलेले ढोर ओढणे, यांना ना वेळ ना काळ. घरधनी परगावी असला तर बाप, भाऊ, जो हाती लागेल तो. त्यात मिसरूड न फुटलेला मुलगाही आलाच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हा नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले होते. ते बिल त्यांना मागे घ्यावे लागले. खोती गेली १९४९ च्या कायद्याने, महार वतन त्याहून उशिरा, १९५८ च्या.

मध्ये १९३३ साली मुलांचे श्रम गहाण टाकण्याविरुद्ध कायदा झाला होता. बापाला ५० रुपयांपर्यंत दंड, मालकाला २०० रुपयांपर्यंत. पण जिथे पोराचे नाव करारात नाही, किंबहुना कागदच नाही, तिथे असला कायदा काय पकडणार?

वतन गेले, घर बांधून घेण्याची रीत राहिली. आता ती कातकऱ्यांच्या वाट्याला आली आहे. (आपल्या नियतकालिकांत कातकऱ्यांविषयी फार थोडे येते, ही आपलीही उणीव.) पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर रायगडातल्या वाड्या ओस पडतात. माणसे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर. उचल नवराबायकोच्या जोडीवर, दर हजार विटांवर. हजार लवकर भरावे म्हणून पोरे ओल्या विटा पलटतात, वाळलेल्या वाहतात, धाकट्याला कडेवर घेऊन बसतात. आठवड्याला खर्ची, हिशोब पावसाच्या तोंडाला. त्या हिशोबात पोराचे पोट धरलेले असते, हात धरलेले नसतात. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला तेच घर.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर घेता येत नाही. घटनेचे २४ वे कलम आडवे येते. कारखान्याच्या भिंतीतली वीट कोणी पलटली, हे मात्र फाटकावर कोणी विचारत नाही.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जदाराबरोबर त्याच्या कुटुंबातल्या माणसाची राबणूकही व्याख्येत घेतली आणि असले कर्जच रद्द ठरवले. म्हणजे बाबासाहेबांनी दाखवलेले ते ‘घर’ कायद्याला दिसायला ४८ वर्षे लागली. २०१६ च्या बालकामगार दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. भट्टी काही कातकऱ्याच्या घरचा धंदा नव्हे. तरी पोर दिसले की मालक सांगतो, आईला मदत करतेय.

तेव्हा जिल्ह्याच्या दक्षता समितीपुढे जाणाऱ्या कार्यकर्त्याने आधी शाळेचा हजेरीपट पाहावा. दिवाळीनंतर कोणत्या वाडीची नावे एकदम गैरहजर पडली, ते उतरून घ्यावे. आणि मग मुकादमाची उचलीची वही मागावी.